मघाचाच चेहरा

मुलगी गेल्याची बातमी ऐकली आणि अनंतराव हसले. आधी नुसते ओठ हलले, मग चष्म्यामागचे डोळे, मग सगळा चेहराच मोकळा झाला. बातमी सांगायला आलेल्या वीरभद्र बिरादारच्या खांद्यावरून त्यांनी मागे पाहिलं. फाटकाशी उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीकडे, तिच्या पलीकडे समोरच्या घराच्या गच्चीकडे. तिथं कुणीतरी कॅमेरा धरून बसलेलं असणारच, अशा खात्रीनं पाहिलं. "अहो, तुम्ही ते पिक्चरमधले ना?" ते म्हणाले. "बिरादार साहेब! दार उघडलं तेव्हाच मला वाटलं, ह्यांना कुठंतरी पाहिलंय. आजकाल पोरं असले व्हिडिओ करतात, माहीत आहे मला. साक्षीनंच पाठवलं ना तुम्हाला? आगाऊ आहे कार्टी." आणि आतल्या खोलीत असलेल्या बायकोला हाक मारायला त्यांनी मानही वळवली.

वीरभद्रनं त्यांचा दंड धरला. "काका, शूटिंग न्हाई हे," तो म्हणाला. इतकी वर्षं साहेबकी करूनही घाबरला की त्याच्या तोंडात उदगीरकडची, गावाकडची बोली येई, तशी ती आली. "खरंच हाय. तुमची साक्षी गेली. सकाळी विष्णुपुरीला धरणाच्या पाण्यात पाय घसरला तिचा. मी तिकडच्याच ठाण्याचा इन्स्पेक्टर हाय." भराभर, एका दमात, डोक्यावरचं ओझं खाली टाकावं तसं त्यानं सांगून टाकलं. पहिल्यांदा सांगताना जे करायचं ते सगळं करून झालं होतं. टोपी काढून झाली होती, थांबून झालं होतं, आवाज खाली आणून झाला होता. दुसऱ्या वेळेला हाताशी काहीच उरलं नव्हतं. अनंतरावांचं हसू लगेच गेलं नाही. निघायचं विसरल्यासारखं ते तोंडावर तसंच राहिलं, आणि त्या हसऱ्या तोंडानंच ते पोर्चमधल्या खुर्चीत बसले. बसताना त्यांनी धोतराला असतात तशा पायजम्याच्या निऱ्या सावरल्यासारखं केलं. निऱ्या नव्हत्याच. हात नुसताच हवेत फिरला.

आणि ते हसले यात त्यांचं काय चुकलं होतं? वीरभद्रला जे खुपत होतं ते बातमीचं नव्हतं. बातम्या त्यानं पुष्कळ सांगितल्या होत्या. त्याला कळत होतं की मघाशी, दार उघडल्यावर, आपण बातमी सांगितलीच नाही. आपण सीन केला. उजव्या हातानं टोपी काढून डाव्या काखेत घेतली. श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही, तेवढा वेळ थांबलो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता हनुवटीकडे बघितलं, कारण तसं बघितलं की आपले डोळे खाली झुकलेले आणि भरल्यासारखे दिसतात. हे सगळं एका पिक्चरच्या शूटिंगला त्याच्याकडून घोटून घेतलेलं होतं, आणि गेल्या वर्षभरात त्या पिक्चरमधला तो एवढासा तुकडा महाराष्ट्रातल्या निम्म्या मोबाइलांतून फिरला होता. लोक तो पाहून रडले होते. आज एका खऱ्या दारात, खऱ्या बापापुढे त्याचं अंग आपोआप तेच करत गेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, सांगून झाल्याबरोबर, अनंतराव हसायच्या आधीच्या त्या क्षणात, त्याच्या आत कुणीतरी हळूच म्हणालं होतं: जमलं.

लातूरला तो त्यासाठी आलाही नव्हता. एका महिला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्याचा सत्कार होता. वर्दीतच या साहेब, मुलींना तसंच आवडेल, असं संयोजकांनी दोनदा फोन करून सांगितलं होतं, म्हणून सकाळी नांदेडहून निघताना कडक इस्त्रीची वर्दी घातली होती आणि आदल्या दिवशी मिशीला कलप लावून घेतला होता. अहमदपूरच्या पुढे गाडी आली तेव्हा ठाण्यातून फोन आला. इंजिनिअरिंगच्या तीन मुली सकाळी धरणावर फोटो काढायला गेल्या होत्या, एक बुडाली, मासेमारांनी बाहेर काढली, गेलेली आहे. मुलगी लातूरची. मैत्रिणी म्हणतात वडिलांची बायपास झालेली आहे, फोनवर सांगू नका. साहेब, तुम्ही लातूरलाच चाललात, तर. "पत्ता पाठवा," वीरभद्र म्हणाला होता, आणि पत्ता आल्यावर ड्रायव्हर हरिओमला म्हणाला होता, "आधी हे उरकून घेऊ. कार्यक्रमाला टाइम हाय अजून." उरकून घेऊ. तो शब्द आता त्या पोर्चमध्ये, तुळशीच्या कुंडीजवळ, त्याला स्वतःच्या आवाजात जसाच्या तसा ऐकू आला.

पिक्चरचं हे त्यानं मागितलेलं नव्हतं, असं तो नेहमी सांगे, आणि सांगता सांगता ते त्याला थोडं खरंही वाटे. कंधारच्या किल्ल्यात कसलंसं शूटिंग होतं आणि हा बंदोबस्ताला होता. गर्दी आवरत नव्हती. यानं एकदाच हाळी दिली, शिवी न देता, आणि सगळे मागं सरले. तेव्हा कॅमेऱ्याजवळ बसलेला एक काटकुळा तरुण दिग्दर्शक उठून आला आणि म्हणाला, "साहेब, हेच परत कराल? आमच्यासाठी?" त्या पिक्चरमध्ये त्याला एकच वाक्य होतं. मग दुसऱ्यात चार. वरिष्ठांच्या परवानग्या, रजेचे अर्ज, ठाण्यातली थट्टा. हळूहळू थट्टा थांबली आणि लोक चहाच्या टपरीवरून उठून उभे राहू लागले. आधीही राहत, पण आता हसून राहत. आई शिवम्मा उदगीरच्या टॉकीजमध्ये पिक्चर बघून आली. त्यात वीरभद्रनं एका चोराच्या कानफटात मारली होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "खरंच मारलास का रं त्याला?" तो म्हणाला, "न्हाई माय, हात लांबूनच जातो. आवाज नंतर घालतात." तिनं पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "आन् ठाण्यात?" तो हसला होता. बायको सिंधु मात्र हसली नव्हती. अलीकडे ती म्हणू लागली होती, "घरी तरी साधं बोलत जावा की हो." त्याला वाटे आपण साधंच बोलतो. पण ठाण्यात एखाद्या आरोपीसमोर बसलं की तो आरोपी डोळे मोठे करून वाट बघे, साहेब आता ते आपलं खर्जातलं बोलतील म्हणून. आणि वीरभद्र खर्जात बोले. एकदा एक मोबाइलचोर खुशीत हसला होता, आणि वीरभद्रलाही, देवाशपथ, बरं वाटलं होतं.

तो बातमी सांगण्याचा सीन मात्र दिग्दर्शकानं कागदावरून आणलेला नव्हता. तो वीरभद्रनंच दिला होता. "खऱ्या आयुष्यात तुम्ही कसं सांगता?" असं त्यानं विचारलं होतं, आणि वीरभद्रनं त्याला देगलूरची पार्वतीबाई सांगितली होती. तेव्हा तो नवा फौजदार होता. बॉर्डरवर ट्रकखाली एक हमाल सापडला आणि हा त्याच्या घरी गेला. बाई अर्धी तेलुगू, अर्धी मराठी बोलत होती. पोलीस दारात आला म्हणून ती घाबरली नाही. उन्हाचे आलात म्हणून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. आणि वीरभद्र ते सगळं पाणी प्याला. तांब्या रिकामा करून, तोंड पुसून, मग त्यानं सांगितलं. सांगताना हातांचं काय करावं कळेना म्हणून टोपी काढली, आणि ती काखेत धरली, कारण तांब्या अजून हातात होता. दिग्दर्शक ऐकून हेलावला होता. टोपी घेऊ, म्हणाला, थांबणं घेऊ. पाणी नको. पाणी पिऊन टाकल्यावर लोकांना तुमचा राग येईल. म्हणून पाणी गेलं आणि टोपी राहिली, आणि त्या राहिलेल्या टोपीवर आज महिला महाविद्यालयात शाल-श्रीफळ मिळणार होतं. पार्वतीबाईनं तो पिक्चर पाहिला असेल का, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. अनंतरावांच्या पोर्चमध्ये आला.

आतून कुकरची शिट्टी झाली आणि बाईचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

अनंतराव दचकले. मग एकदम, शाळेत तास सुरू व्हायच्या आधी मास्तर उठतात तसे उठले. चाळीस वर्षांचं मास्तरकीचं वळण असावं ते. त्यांनी वीरभद्रचा हात धरून त्याला फाटकाकडे नेलं. चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं, पुसलेल्या फळ्यासारखं. "विनीताला आत्ता नाही," ते म्हणाले. "तिला बीपी आहे. तिचा भाऊ गेला तेव्हा ती इथंच पडली होती, आठ दिवस दवाखान्यात होती. वाटेत काही झालं तर मी काय करू? तिथं गेल्यावर सांगू. डॉक्टर असतात तिथं. तोवर पाय मोडलाय म्हणा. साधा पाय मोडलाय." ते थांबले. "तुम्हीच सांगा. माझ्या तोंडाकडे बघितलं की तिला कळतं. मला नाही जमणार. तुम्हाला येतं ना ते."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्या सुताराला दार बसवून द्या म्हणावं तसं सरळ ते बोलले होते. म्हणूनच ते लागलं. नाही म्हणता आलं असतं. काका, हे बरोबर नाही, आईला खरं कळायला पाहिजे, असं म्हणणारा एक वीरभद्र होता. पण तो बोलायच्या आतच दुसऱ्यानं मान डोलावली होती. आणि मान डोलावताना त्याला हायसं वाटलं. इतका वेळ नुसतं उभं राहणं चाललं होतं. आता करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, ज्यात तो तयार होता.

विनीताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, चष्मा डोक्यावर सरकवलेला. वीरभद्रनं टोपी डोक्यावर घातली, तोंडावर थोडं हसू आणलं, फार नाही, काळजीचं कारण नाही पण थोडं आहे, एवढंच, आणि म्हणाला, "ताई, घाबरू नका. साक्षी जरा पडली. पाय फ्रॅक्चर आहे. मी इकडं आलोच होतो, म्हटलं गाडीतून घेऊनच जावं तुम्हाला." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा चपला शोधत होता. मग त्यांनी वीरभद्रकडे बघितलं, नीट, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन. आणि त्यांच्या खांद्यांतला ताठा उतरलेला त्याला दिसला. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार, असं ते उतरणं होतं.

कॉलेजवाल्यांना त्यानं गाडीतूनच फोन केला. अडचण आली म्हणाला. पलीकडून आवाज गयावया करत होता, साहेब, पाच मिनिटं तरी, हॉल भरलाय. गाडी नेमकी त्याच रस्त्यानं गेली. कॉलेजच्या फाटकावर मोठा फलक होता, त्यावर वीरभद्र, काखेत टोपी, डोळे खाली, डोळ्यांत पाणी. मागच्या सीटवरून विनीताबाई म्हणाल्या, "अहो, हा तुमचाच फोटो!" आणि मग ओशाळून, "आमच्यापायी तुमचा कार्यक्रम बुडाला." बुडाला हा शब्द गाडीत पडला. हरिओमनं उगाचच हॉर्न वाजवला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो कान लाल करून समोरच्या रस्त्याला डोळे चिकटवून चालवत होता. अनंतराव खिडकीकडे तोंड करून बसले होते, काच खाली करून, वाऱ्यात डोळ्यांना पाणी येतं तसं येऊ देत.

विनीताबाई बोलत राहिल्या. काळजी वाटली की त्यांना बोलावं लागत असावं. त्यांनी पिशवीत गाऊन घेतला होता, कंगवा घेतला होता, दवाखान्यातलं जेवण तिला चालत नाही म्हणून शेंगदाण्याची चटणी घेतली होती. "कोणता पाय हो?" त्यांनी विचारलं. वीरभद्र पुढच्या सीटवरून अर्धा वळला. "डावा," तो म्हणाला. "गुडघ्याच्या खाली." त्या म्हणाल्या, "बरं झालं. उजवा असता तर पंचाईत. सगळा जोर उजव्यावरच असतो तिचा." आणि मग, "लई रडत होती का?" वीरभद्रनं इथं नुसतं नाही म्हणायला हवं होतं. तेवढं पुरेसं होतं. तेवढंच त्याच्याकडून मागितलं होतं. पण बाईच्या चेहऱ्यावर जे उमलत चाललं होतं ते त्याच्या वाक्यागणिक उमलत होतं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत इतक्या जवळून, इतक्या पूर्णपणे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. "न्हाई ओ," तो म्हणाला. "हसत होती. मला म्हणाली, साहेब, आईला सांगा, आई घाबरू नको म्हणावं."

विनीताबाईंचा हात पिशवीवर थांबला. "आई म्हणाली?" त्यांनी विचारलं. "ती मला मम्मी म्हणते."

गाडी चाकूरच्या पुढच्या चढावर होती. गिअर बदलल्याचा आवाज झाला. वीरभद्रच्या मानेवरून घामाची एक धार कॉलरमध्ये उतरली, आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडानं, त्याला न विचारता, एक छोटं हसू केलं, आठवल्याचं हसू. "हां, मम्मीच म्हणाली. मी आपलं माझ्या बोलीत सांगितलं." आणि बाई हसल्या. डोळे पुसून हसल्या. "तेच म्हटलं," त्या म्हणाल्या, "आई काय म्हणेल ती." अनंतरावांनी डोळे मिटून घेतले. वीरभद्र समोर वळला. मेलेल्या पोरीच्या तोंडात आपण शब्द घातले. तिला त्यानं पाहिलंही नव्हतं. तिचा आवाज कसा होता, ती लातूरचं बोलायची की कॉलेजात गेल्यावर पुण्याचं बोलू लागली होती, काही ठाऊक नव्हतं. आणि ती आता या गाडीत त्याच्या आवाजात हसली होती, आणि तिच्या आईनं ते हसू ओळखलं होतं. त्याला वाटलं, गाडी थांबवावी, उतरावं, रस्त्याकडेच्या तुरीत जाऊन ओकावं. गाडी थांबवली नाही. अहमदपूरला विनीताबाईंनी त्याला विचारलं, साहेब, तुम्ही त्या पिक्चरमध्ये रडलात ते खरं होतं की डोळ्यांत काही घालतात? त्यानं सांगितलं, खरं होतं. तेही खरं नव्हतं.

लोह्याच्या पुढं त्या कमी बोलू लागल्या. विष्णुपुरीला सरकारी दवाखान्याच्या आवारात गाडी वळली तेव्हा त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. अपघात विभागाच्या पायऱ्यांकडे त्या आपसूक निघाल्या, आणि तिथल्या पोलीस चौकीतला जमादार वीरभद्रला सॅल्यूट ठोकून म्हणाला, "साहेब, तिकडं. मागच्या बाजूला." विनीताबाई थांबल्या. पहिल्या मजल्यावर हाडांचा विभाग, असं लिहिलेली पाटी आणि बाण त्यांच्यासमोरच होता. त्यांनी पाटी वाचली. मग मागच्या बाजूला जाणारा लांबलचक मोकळा बोळ बघितला. अनंतराव त्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि इतक्या वेळचं सगळं त्यांच्या तोंडातून एकदम आलं. ते शब्द नव्हतेच धड, साक्षी एवढाच एक त्यात कळत होता.

"काहीतरीच काय बोलता?" विनीताबाई म्हणाल्या. त्यांना नवऱ्याचा राग आला होता, भर रस्त्यात कुणी लाज आणावी तसा. "अहो, साहेबांशी बोलली ती." एक डॉक्टर मुलगी धावत आली, तिनं त्यांचे खांदे धरले, काकू बसा म्हणाली, सकाळीच आणलं तेव्हा, असं काही म्हणू लागली. विनीताबाईंनी तिचा हात बाजूला केला. दोन माणसं एकच गोष्ट सांगत होती आणि त्या दोघांचंही ऐकत नव्हत्या. त्या वीरभद्रकडे वळल्या. "साहेब, तुम्ही सांगा ह्यांना. तुम्हाला भेटली ना ती?"

वीरभद्रला आपला हात टोपीकडे निघालेला जाणवला. त्यानं तो अर्ध्यात थांबवला, मूठ करून मांडीशी दाबून धरला. काहीच करायचं नाही असं त्यानं ठरवलं. आवाज खाली न्यायचा नाही, थांबायचं नाही, डोळ्यांतच बघायचं. "न्हाई ताई," तो म्हणाला. "मी भेटलो न्हाई तिला. मी बघितलंही न्हाई. मी खोटं बोललो. ती सकाळीच गेली होती." बोलला, आणि त्याला कळलं की हेही तसंच झालं. तो धरून ठेवलेला हात, ते सरळ बघणं, तो कोरडा आवाज. हेही चांगलं झालं असतं पडद्यावर. कदाचित जास्तच चांगलं.

विनीताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चष्म्यातून, मग चष्मा काढून. रागानं नाही. दुकानात लुगडं दिव्याखाली एकदा आणि उन्हात एकदा धरून बघतात तसं. "मघाशी पण हाच चेहरा होता तुमचा," त्या म्हणाल्या. "गाडीत. मम्मी घाबरू नको म्हणाली म्हणून सांगितलंत तेव्हा. अगदी हाच." त्या आणखी जवळ आल्या. "मग मी कशावरनं ओळखू?"

बोळातून कुणाची तरी रिकामी चाकांची खाट घरंगळत गेली. जमादारानं मान खाली घातली. वीरभद्रला वाटलं, आता ही बाई कोसळेल, डॉक्टर पोरगी तिला झेलेल, आपण दोन पावलं मागं सरू, आणि पंचनाम्याच्या कामाला लागू. असंच होत आलं होतं. पण त्या कोसळल्या नाहीत. त्यांनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, वीरभद्रच्या वर्दीची बाही कोपरापाशी धरली आणि म्हणाल्या, "चला. मला दाखवा. तुम्ही पण या आत."

तो आत कधी जात नसे. इतक्या वर्षांत जावं लागलं तेव्हा गेला होता, पण नातेवाईक आत असताना नाही. तेव्हा तो दाराबाहेर उभा राही, हात मागे बांधून, आतलं रडणं सुरू झालं की मोबाइलवर काहीतरी बघत. आज बाही सुटत नव्हती. आत ट्यूबलाइट होती, ओल्या फरशीचा आणि औषधाचा वास होता, आणि कोपऱ्यातल्या ट्रेवर चादरीखाली ती होती. विनीताबाईंनी स्वतःच चादर खाली केली. छोटीशी होती पोरगी. कानात निळे खडे, त्यातला एक नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात माती. वीरभद्रनं गाडीत हसवली होती ती वेगळीच कुणी होती. उंच, भरल्या गालांची. हिचं हसू कसं असेल ते हिच्याकडे बघून कळत नव्हतं.

अनंतराव भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांच्या छातीतून आवाज येऊ लागला. विनीताबाई रडल्या नाहीत. त्यांनी ओठाजवळची माती बोटानं काढली. मग केसांना हात लावला. केस लांब होते, अजून ओले, गाठी झालेले, त्यात पाण्यातलं शेवाळ अडकलं होतं. "ओल्या केसांनी झोपते," त्या म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं हिला. डोकं धरतं मग." पदर पुढं ओढून त्या केस पुसू लागल्या. मागचे केस डोक्याखाली दाबले गेले होते, ते निघेनात. ट्रेपाशी उभा असलेला माणूस पुढं झाला, "बाई, हात लावू नका, अजून पीएम व्हायचंय," म्हणाला, आणि वीरभद्रनं त्याला नजरेनं मागं सारलं.

"धरा जरा," विनीताबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते त्याला क्षणभर कळलं नाही. त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. "डोकं धरा. उचलून. मला मागून पुसू द्या."

वीरभद्र पुढं झाला. दोन्ही हात घालायचे तर काखेतली टोपी आड येत होती. ती कधी काढली, बोळात की दारात, त्याला आठवेना. ती त्यानं खाली ओल्या फरशीवर ठेवली आणि मानेखाली हात घालून डोकं उचललं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं आणि फार थंड होतं, आणि केसांतलं पाणी त्याच्या मनगटावरून इस्त्रीच्या बाहीत उतरत गेलं. विनीताबाई बट बट सुटी करून पुसत होत्या, शाळेच्या दिवशी सकाळी पुसत असतील तशा, थोडं ओढून, थोडं चिडून. "असंच धरा," त्या म्हणाल्या. "हलवू नका." तो हलला नाही. हात भरून आले, खांद्यात कळ आली. अनंतरावांनी गुडघ्यांत डोकं घातलं होतं, तो ट्रेवाला दाराकडे तोंड करून उभा होता, बाईंचे डोळे केसांत होते. वीरभद्रकडे कुणी बघत नव्हतं. आणि कुणी बघत नाही हे आपल्या लक्षात आलं, पोरीचं डोकं हातात असताना आलं, याची त्याला अशी लाज वाटली की त्यानं मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली, बाई पुसत होत्या तोवर.